खोली बघायला जाल तेव्हा आधी दारं बघा

इंग्लंडमध्ये शेअरिंगची खोली बघायला गेलं की आपण भाडं विचारतो, बस किती लांब ते विचारतो. मीही तेवढंच विचारलं होतं. आता कोणी नवीन आलं की मी सांगते, आधी दारं बघा.

किचनचं दार जड हवं आणि हात सोडला की आपोआप मिटायला हवं. कडेला खाचेत एक पातळ पट्टी असते. ती उष्णतेने फुगून फट बुजवते. असं दार साधारण अर्धा तास आग अडवतं, पण मिटलेलं असेल तरच. आमच्याकडे त्याला दहा किलोची तांदळाची पिशवी लावलेली असायची, कारण दोन्ही हातांत ताटं घेऊन ते ढकलणं जिवावर यायचं. मिरचीच्या फोडणीने जिन्यातला अलार्म वाजतो म्हणून त्यावर कोणीतरी शॉवर कॅप चढवली होती. एका रात्री एकाने पुऱ्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि घरून फोन आला म्हणून तो मागच्या अंगणात गेला. मला जाग आली ती दाराखालून आत येणाऱ्या धुराने. जिन्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. कठडा चाचपत सगळे बाहेर पडलो, कोणाला काही झालं नाही. पण तो जिना मी अजून विसरलेले नाही.

चाळीत धूर गॅलरीतून निघून जातो. इथली जुनी घरं थंडीमुळे गच्च बंद, जिना लाकडी आणि बहुतेक वेळा बाहेर पडायची वाट तेवढी एकच. धूरही तिथूनच वर चढतो. म्हणून पॅसेजमध्ये बॅगा, चपलांचा रॅक नको. डिलिव्हरीची ई-बाईक तिथे चार्जिंगला लावणं तर अजिबात नको. लिथियमची बॅटरी पेटली की वाटच बंद होते. मुख्य दार आतून किल्लीशिवाय उघडतं ना, हेही बघा.

किचनमध्ये उष्णतेवर चालणारा अलार्म मागा, तो फोडणीने वाजत नाही. प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म असणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. बिघडल्याचं कळवलं की दुरुस्त करणंही 1 ऑक्टोबर 2022 पासून त्याच्याच अंगावर आहे. हे ईमेलने कळवा, तोंडी नको. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त जण किचन-बाथरूम शेअर करत असतील तर घराला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो. तो आहे का, ते कौन्सिलकडे विचारता येतं.

टॉवरमधल्या फ्लॅटचं थोडं वेगळं. तिथे आग दुसऱ्या घरात लागली तर आपल्या घरातच थांबा, अशी सूचना बऱ्याचदा असते. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फ्रीजपासून लागलेली आग बाहेरच्या क्लॅडिंगवरून, म्हणजे भिंतींवर बाहेरून बसवलेल्या आवरणावरून, वर चढली आणि 72 जण गेले. थांबा म्हटल्यामुळे थांबलेले त्यात होते. तुमच्या इमारतीची सूचना पहिल्याच दिवशी वाचा. पण धूर किंवा आग आपल्या घरात आली, तर थांबायचं नाही.

तेल पेटलं तर पाणी ओतू नका, कढई उचलू नका. जमलं तर गॅस बंद करा, दार ओढून घ्या, सगळ्यांना उठवत बाहेर पडा आणि मग 999 हा इथला आपत्कालीन नंबर लावा. ते पत्ता विचारतात. त्या रात्री मला पोस्टकोड आठवला नव्हता. आता तो मोठ्या अक्षरांत मुख्य दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.