‘रीकन्फर्म’ लिहिताय? आधी या चुका टाळा

ऑफिसातल्या इंग्रजी मेल तपासून देणं हे माझं रोजचं काम. नाशिकचे निर्यातदार, पुण्यातल्या टूर कंपन्या, चाकणचे सुटे भाग बनवणारे कारखानदार, सगळ्यांचे मसुदे हाताखालून जातात. आणि ‘रीकन्फर्म’ हे क्रियापद बहुतेक ठिकाणी भलत्याच कामाला जुंपलेलं दिसतं. खरं तर शब्द अवघड नाही. कन्फर्म म्हणजे पक्कं करणं आणि रीकन्फर्म म्हणजे एकदा पक्कं झालेलं पुन्हा पक्कं करणं. यातलं ‘एकदा पक्कं झालेलं’ एवढंच लोक विसरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘विचारून सांगतो’साठी रीकन्फर्म

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे फोनवर कुणी ‘जरा रीकन्फर्म करून सांगतो’ म्हणालं, की ‘अजून नक्की नाही, विचारून कळवतो’ असा अर्थ आपण बरोबर घेतो. परदेशातला माणूस तो घेत नाही. ‘री’ लागला म्हणजे पहिला होकार होऊन गेलाय, असंच तो धरून चालतो.

नाशिककडच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात हे झालेलं मी जवळून पाहिलंय. हंगाम ऐन भरात होता. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने विचारलं, बाराव्या आठवड्यात दोन कंटेनर देता का? या धंद्यात तारखेपेक्षा आठवड्याच्या नंबरावर बोलणी होतात. ऑफिसातल्या मुलाने लगेच उत्तर टाकलं: ‘टू कंटेनर्स नोटेड. विल रीकन्फर्म बाय फ्रायडे.’ त्याच्या मनात होतं, मागणी लिहून घेतली, बागा बघून शुक्रवारी सांगतो. खरेदीदाराने वाचलं, दोन कंटेनर ठरले, शुक्रवारी फक्त पुन्हा एकदा कळवतील. त्याने पुढे सुपरमार्केटला शब्द देऊन टाकला. शुक्रवारी इथून मेल गेली की माल एकाच कंटेनरचा आहे. त्याला ऐन वेळी दुसरीकडून चढ्या भावाने माल उचलावा लागला. पुढच्या हंगामात त्याने या लोकांना विचारलंच नाही. द्राक्षं चांगली होती, भाव ठीक होता, गिऱ्हाईक गेलं ते एका शब्दापायी.

त्या मुलाने लिहायला हवं होतं ते इतकंच: ‘धिस इज नॉट कन्फर्म्ड येट. वुई विल कन्फर्म बाय फ्रायडे.’ पहिलं वाक्य लिहायला लोक कचरतात. ‘अजून पक्कं नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल, अशी भीती असते. जाणारं गिऱ्हाईक ‘नोटेड’ने थांबत नाही, उलट राहणारंही बिथरतं.

माझी सवय सांगते. ‘री’ टाइप करण्याआधी मी त्याच मेलच्या साखळीत वर जाऊन पहिला होकार शोधते. सापडला तर त्याची तारीख वाक्यात घालते: ‘अॅज कन्फर्म्ड ऑन 3 मार्च’. सापडला नाही तर ‘री’ खोडते. नवशिक्यांना हे फार वेळखाऊ वाटतं. वर जाऊन बघायला मिनिटही लागत नाही, तरी ते टाळायची घाई कशासाठी असते हे मला अजून उमगलेलं नाही.

न बघताच ‘रीकन्फर्म्ड’

समोरून येतं, ‘प्लीज रीकन्फर्म द डिलिव्हरी डेट.’ फोन खाली तयार उत्तर सुचवतो, अंगठा लागतो, उत्तर गेलं. तारीख मात्र मधल्या काळात बदललेली असते. रीकन्फर्म करणं म्हणजे जुना होकार पुन्हा पाठवणं नव्हे. आज ताजी चौकशी केली आणि तरीही तेच खरं आहे, असा शब्द तुम्ही देत असता.

विज्ञानात हा अर्थ फार स्वच्छ दिसतो. सूर्याजवळून जाताना ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचं भाकीत 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तपासलं आणि दुजोरा दिला. शंका घेणारे होतेच. मग 1922 च्या ग्रहणात अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या लोकांनी ऑस्ट्रेलियातल्या वॉलाल इथे तळ ठोकला, नवी छायाचित्रं घेतली, नव्याने मोजमाप केलं आणि उत्तर तेच आलं. याला म्हणायचं रीकन्फर्म. 1919 च्याच छायाचित्रांच्या काचा पुन्हा दाखवल्या असत्या तर त्याला तो शब्द शोभला नसता. तुमची डिलिव्हरीची तारीख ग्रहणाइतकी मोठी नसेल, पण गोदामात एक फोन करून मगच उत्तर द्या. आणि उत्तरात नुसतं ‘रीकन्फर्म्ड’ लिहू नका. नग, तारीख, ठिकाण पुन्हा लिहा, म्हणजे चूक असेल तर समोरच्याच्या लगेच लक्षात येते.

‘माय तिकिट इज कन्फर्म’

हे रेल्वेने आपल्या जिभेवर बसवलंय. वेटिंग, आरएसी, कन्फर्म. मराठीत ‘तिकीट कन्फर्म झालं’ अगदी बरोबर, कारण तिथे तो शब्द आपण विशेषणासारखा वापरतो. इंग्रजीत तो क्रियापद आहे, म्हणून ‘इज कन्फर्म्ड’. शेवटचा ‘ड’ बोलताना गिळला तर खपतो, लिहिताना खपत नाही. ‘रीकन्फर्म’लाही हेच लागू: बुकिंग ‘रीकन्फर्म्ड’ असतं.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

‘रीकन्फर्म अगेन’ नको. ‘पुन्हा’ आधीच आत आहे.

‘रीकन्फर्म अबाउट द मीटिंग’ नको. कर्म थेट येतं: ‘रीकन्फर्म द मीटिंग’. माणूस आला तर ‘विथ’: ‘रीकन्फर्म विथ द हॉटेल’.

‘प्लीज कन्फर्म मी’ तर मुळीच नको. पक्कं करायची ती गोष्ट असते, तुम्ही नव्हे.

‘रीकन्फर्म व्हेदर’ कानाला खटकतं. हो की नाही हे ठरलेलं नसेल तर साधं ‘कन्फर्म’ पुरे, ठरलं असेल तर ‘रीकन्फर्म दॅट’.

आकडे स्वतः पुन्हा तपासायचे असतील तर ‘डबल-चेक’. ते आपल्या खात्रीसाठी असतं, रीकन्फर्म दुसऱ्याला कळवायला. निष्ठा, धोरण, बांधिलकी पुन्हा ठामपणे सांगायची असेल तर ‘रीअफर्म’. या तिघांची अदलाबदल करून मेल भारदस्त होत नाही.

अमेरिकी बातम्यांत ‘रीकन्फर्म’ नेमणुकीसाठी दिसला तर गोंधळू नका. 2010 मध्ये बेन बर्नान्के यांच्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदाच्या दुसऱ्या कार्यकाळावर सिनेटने 70 विरुद्ध 30 मतांनी शिक्कामोर्तब केलं, तो हा अर्थ.

विमानाचं रीकन्फर्म

आखातात किंवा अमेरिकेत जाऊन आलेल्या आधीच्या पिढीला हा शब्द नीट माहीत आहे. परतीच्या विमानाच्या निदान 72 तास आधी कंपनीला फोन करून ‘मी येतोय’ असं कळवावं लागे, नाहीतर जागा रद्द होण्याची भीती. आता बहुतेक कंपन्या हे मागत नाहीत. तरी मुलं आई-बाबांना ‘फ्लाइट रीकन्फर्म करा’ असा मेसेज टाकतात आणि त्यांना म्हणायचं असतं वेब चेक-इन. ती दोन वेगळी कामं आहेत. वेब चेक-इनने बोर्डिंग पास हातात येतो, रीकन्फर्म केल्याने कधीच येत नसे. आई-बाबा बिचारे कॉल सेंटरला फोन लावून अर्धा तास गाणी ऐकत बसतात. मेसेजमध्ये सरळ ‘वेब चेक-इन करा’ लिहा, आणि कधी करायचं ती वेळही लिहा. तिकिटावर कंपनीनेच रीकन्फर्म करायला सांगितलं असेल तर मात्र टाळू नका, आणि फोनवर केलंत तर कोणाशी बोललात, किती वाजता, हे त्याच प्रिंटवर पेनाने लिहून ठेवा.