हुशार लेकरू घेऊन विदर्भातल्या खेड्यात येताय?

बँकेत, कृषी खात्यात, आरोग्य केंद्रात बदली होऊन सांगली-सातारा-पुण्याकडची जी मंडळी यवतमाळ जिल्ह्यात येतात, त्यांचा आमच्याकडे आल्यावर पहिला प्रश्न घराचा नसतो, पाण्याचाही नसतो. ‘इथं मुलाचं कसं होणार?’ हा असतो. मूल हुशार असलं तर विचारणाऱ्याचा चेहराच सांगतो की यांनी मनातल्या मनात बायकोमुलांना पुण्याला परत पाठवूनही टाकलंय. आम्हीही तिकडचेच. नोकरीसाठी आलो आणि राहिलो. दोन्ही मुलं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. म्हणून हे लिहितेय.

सर्वांत आधी घराचं, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते. घर भाड्यानं घेण्याआधी गावातली शाळा कितवीपर्यंत आहे ते विचारा. बऱ्याच गावांत ती चौथीला संपते. पाचवीसाठी लोक मूल तालुक्याला घालतात, आणि इथेच नवोदयची जागा हातची जाते. कशी ते नीट वाचा.

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथे सहावीला प्रवेश मिळतो, जिल्ह्याच्या परीक्षेतून. एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, आणि त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण म्हणजे नुसतं खेड्यात राहणारं मूल नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलं तरी ते शहरी धरतात. एक दिवस. मी हे प्रत्येकाला दोनदा सांगते आणि तरी दरवर्षी कुणीतरी येऊन म्हणतं, ‘अहो, पण राळेगाव काय शहर आहे का?’

आहे. कागदावर आहे. 2014-15 च्या सुमारास शासनानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. राळेगाव, कळंब, बाभुळगाव, मारेगाव, महागाव, झरी जामणी, सगळीकडे आता नगरपंचायत. रस्त्यावर म्हशी बसलेल्या असतात, आठवडी बाजाराला बैलगाड्या येतात, पण तिथल्या शाळेत पाचवीला बसलेलं मूल शहरी. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबानं मुलगी चौथीपर्यंत खेड्यात शिकवली आणि ‘शेवटचं वर्ष तरी चांगल्या शाळेत’ म्हणून पाचवीला तालुक्याच्या शाळेत घातली. पोरगी परीक्षेत चमकली असेल-नसेल, ग्रामीण यादीत तिचं नाव येणारच नव्हतं. उरलेल्या थोड्या जागांसाठी ती जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या हुशार मुलांशी भांडत बसली. आणि ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. पाचवी पुन्हा करून बसवू, हे डोक्यातही आणू नका.

म्हणून चौथीनंतर ग्रामपंचायतीच्या हद्दीतलीच, पाचवी ते सातवी असलेली जिल्हा परिषदेची शाळा शोधा. दहा किलोमीटरवर असली तरी चालेल. तिच्यात दोन काळे फळे कमी असतील, चालेल. अर्जासोबतच्या दाखल्यावर मुख्याध्यापक ग्रामीण की शहरी ते लिहून सही करतात. तो दाखला घाईत घेऊ नका, समोर उभं राहून वाचा.

आणखी एक सापळा क्लासवाल्यांचा. तालुक्याला ‘नवोदय स्पेशल’ म्हणून तिसरीपासून पोरांना आकृत्या घोटून घेणारे क्लास आहेत, काही निवासीसुद्धा. त्यांतले काही जण ‘नाव आमच्याच शाळेत टाका, हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणतात. टाकू नका. शाळा नगरपंचायतीत असली की वर सांगितलेलं सगळं लागू झालं. परीक्षा तशी साधी आहे: दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न आकृत्यांच्या बुद्धिमत्तेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे, आणि मराठीतून देता येते. हुशार मुलाला चार-पाच महिने रोज अर्धा तास पुरतो. तीन वर्षं घोटलेलं मूल सहावीत गेलं की आकृती दिसल्याबरोबर तोंड फिरवतं.

नवोदय म्हणजे सगळं, असंही माझं म्हणणं नाही. अकरा वर्षांचं मूल वसतिगृहात जातं. नववीत गेल्यावर तीसेक टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. काहींना ते मानवतं, काही रडून परत येतात. पण या योजनेची पहिली दोन विद्यालयं 1985-86 मध्ये निघाली, त्यातलं एक हरयाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. ‘विदर्भात काय आहे’ विचारणाऱ्यांना मी एवढंच ऐकवते.

आता वर्ग गाळण्याबद्दल. मूल दुसरीत असताना चौथीची गणितं करतं, मग थेट चौथीत बसवा, असा हट्ट आपल्याकडचे पालक फार धरतात. मुख्याध्यापकांना ते स्वतःच्या मर्जीनं करता येत नाही. समजा कसंबसं झालं, तरी तिसरीचं वर्ष पूर्ण झालं नाही म्हणून नवोदयचा ग्रामीण हक्क गेला, आणि त्या परीक्षेला वयाची खालची अटही आहे. सहावीच्या प्रवेशाला मूल साधारण दहा ते बारा वर्षांचं लागतं. घाई केलेलं मूल त्यात बसेलच असं नाही.

तसं गाळायची गरजही नाही. इथल्या दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. तुम्हाला ती गैरसोय वाटते. हुशार मुलाला मात्र ती चैन आहे, कारण सर चौथीला भागाकार शिकवत असतात तेव्हा तिसरीतलं मूल कान टवकारून बसलेलं असतं. माझ्या धाकट्यानं अपूर्णांक असेच चोरून शिकले. पुण्याच्या चांगल्या शाळेत तो त्या वेळी गप्प बसून पाढे लिहीत असता.

सरांशी बोलायचं कसं, यावर मात्र मी तासभर बोलू शकते. आपली माणसं इथेच घाण करतात. पहिल्या आठवड्यात जाऊन ‘आमचा मुलगा गिफ्टेड आहे, त्याला वेगळं शिकवा’ म्हणून सांगतात. कुणी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ची पानं छापून नेतं. विशेष आवड आणि क्षमता असलेल्या मुलांना जास्तीचं साहित्य द्यावं, असं त्यात आहे, खरंय. पण ज्या माणसाला पोषण आहाराचे तांदूळ मोजायचे आहेत, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरायची आहे, मतदार यादीसाठी दारोदार फिरायचं आहे आणि मधल्या वेळात चार इयत्ता शिकवायच्या आहेत, त्याच्यापुढे ती पानं ठेवून काय होणार? एका सरांनी मला तोंडावर विचारलं होतं, ‘म्याडम, तुमच्या एका पोराचं पाहू का बाकीच्यांचं पाहू?’ प्रश्न बरोबर होता.

त्यापेक्षा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जा. आधी दोनदा नुसतं भेटायला जा. मग मागायचं ते छोटं मागा: याचं लिहून झालं की त्याला मागच्या बाकावर वाचत बसू द्याल का? पुस्तक आम्ही देतो. पुढच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संगणकावर वाचायला मिळतात. त्यातली चार पानं छापून द्या, आणि आपल्या एकट्यासाठी नको, वर्गासाठी द्या. एवढ्याला कुठलेही सर नाही म्हणत नाहीत. आमचे सर तर पुढे स्वतःच विचारायला लागले, ‘नवीन काही आणलं का?’

आणि मुलाला सरांच्या देखत टोकू नका. दोन महिन्यांत ते ‘मी जेवून राहिलो’, ‘त्याले देऊन दे’ असं बोलायला लागेल. तुम्ही कपाळाला आठ्या घालून ‘नीट बोल’ म्हणालात की समोरचे सर, जे तसंच बोलतात, ते ऐकतात. पुढचं वर्षभर ते तुमच्याशी अदबीनं बोलतील आणि काही करणार नाहीत. मूल घरी तुमच्यासारखं आणि शाळेत त्यांच्यासारखं बोलेल. त्याला दोन्ही जमतं. जमत नाही ते आपल्यालाच.

शाळा व्यवस्थापन समिती हा तुमचा खरा दरवाजा. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. सदस्य व्हा. अध्यक्ष होऊ नका. अध्यक्षपद म्हणजे गावचं राजकारण, आणि तुमचं आडनाव गावात कुणाच्याच बाजूचं नाही. सदस्य म्हणून बैठकीला हजर राहिलात आणि लिहायचं काम अंगावर घेतलंत की मुख्याध्यापक स्वतःहून विचारायला येतात. तक्रार असलीच तर पायऱ्या पाळा: मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. थेट यवतमाळला शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तर कागद फिरून त्याच सरांच्या टेबलावर येतो. तोंडी काही नको. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

लिहायच्या कामाचा आणखी एक फायदा. सहावीपासून पुढच्या मुलांसाठी इन्स्पायर-मानक योजना आहे. शाळा मुलांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात आणि त्याला ती वस्तू बनवून जिल्ह्याच्या प्रदर्शनात मांडता येते. खेड्यातल्या कित्येक शाळा पाठवतच नाहीत, कारण भरणार कोण? लॅपटॉप घेऊन सरांजवळ बसा. शाळेला पाच कल्पना पाठवता येत असताना त्यातली एकच आपल्या मुलाची ठेवा.

हे मी मुद्दाम म्हणतेय. तुमचं मूल वर्गातलं एकमेव हुशार मूल आहे, हा समज पहिल्याच महिन्यात जाईल. गेला नाही तर तुम्ही वर्गात डोकावलेला नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणारी पोरं घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी गैरहजर असतात, आणि तरी त्यातलं एखादं तोंडी गणितात तुमच्या मुलाला मागे टाकतं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. तुमच्या पगारात ती बसत नाही. शेजारच्या पोराला बसते, फक्त त्याच्या बापाला तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला कुणीतरी सोबत लागतं. जा सोबत. तुमच्या मुलाला अभ्यासात जोडीदार मिळेल, हा स्वार्थच समजा.

आपल्या बदलीवाल्या मंडळींबद्दल एक बोलायचंच आहे. यातले निम्मे यवतमाळला घर करून रोज अपडाऊन करतात, मुलं शहरातल्या कॉन्व्हेंटात घालतात (इथे कुठलीही खासगी इंग्रजी शाळा कॉन्व्हेंटच), आणि रविवारी एकमेकांकडे बसून इथली मुलं कशी मागे आहेत ते सांगतात. त्यांच्याकडून शाळेचा सल्ला घेऊ नका. पुण्यात हुशार मुलांसाठी 1962 पासून ज्ञान प्रबोधिनी आहे, इथे तसं काही नाही, हेही ते सांगतील. बरोबर आहे. मग?

किरकोळ गोष्टी. उन्हामुळे इथली शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते, तिकीट त्या हिशेबानं काढा. नागपूरला गेलात तर रमण विज्ञान केंद्र चुकवू नका. शिष्यवृत्ती परीक्षा कितवीला आहे ते दरवर्षी सरांनाच विचारा. पाचवी-आठवीची परत चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे, आणि जुन्या पुस्तकांच्या भरवशावर राहून लोक फसतात.

शेवटी बदलीचं. मूल पाचवीत असताना हुकूम आला तर तुम्ही एकटे जा, घर हलवू नका. नवोदयसाठी पाचवीची शाळा आणि राहण्याचा जिल्हा एकच लागतो. अर्ज इथून भरून मूल जानेवारीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत गेलं तर दोन्हीकडची पाटी कोरी. एप्रिलपर्यंत थांबा, निकालपत्रक आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा दाखला हातात घ्या, मग सामान बांधा.