चीजच्या चवीच्या पुडीची मागची बाजू कशी वाचावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत मधली सुट्टी संपली, की कुंपणाच्या कडेला चीजच्या चवीच्या कुरकुरीत खाऊच्या नारिंगी-पिवळ्या रिकाम्या पुड्या वाऱ्याने गोळा झालेल्या दिसतात. पालकसभेत मी त्यांपैकीच एक पुडी हातात घेतो आणि सर्वांसमोर तिची मागची बाजू वाचतो. एकदा एका आईने विचारले, "गुरुजी, चीज म्हणजे दुधाचंच की, मग पोरानं खाल्लं तर बिघडलं कुठं?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर पुडीवरच छापलेले असते.

आधी भाषेचा अडसर दूर करू. नियमानुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. अन्य भाषेतील मजकूर ऐच्छिक असतो. त्यामुळे दुकानाची पाटी कन्नडमध्ये, घरातले बोलणे मराठीत आणि पुडी बहुधा इंग्रजीत, अशी सीमाभागातील आपली स्थिती होते. मजकूर बारीक असला, तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. आरंभी ‘इन्ग्रेडियंट्स’ आणि ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ हे दोनच मथळे ओळखता आले, तरी पुरे.

‘इन्ग्रेडियंट्स’ म्हणजे घटकपदार्थांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो या यादीत पहिला आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे, असा नियम आहे. चीजच्या चवीच्या फुगीर पदार्थात पहिला मान साधारणपणे मक्याच्या रव्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा असतो, त्यानंतर खाद्य वनस्पती तेल, म्हणजे बहुधा पामोलिन (पाम तेलाचा पातळ भाग), आणि त्यानंतर मसाला-मिश्रण. चीज पावडर या मिश्रणाच्या कंसात, मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) आणि दुधाची भुकटी यांच्या संगतीत सापडते. जे मिश्रणच यादीत तिसरे, त्याचाही हा एक अंशच, एवढे लक्षात आले की पुढच्या बाजूवरचे वितळत्या चीजचे चित्र आणि आतला माल यांतले अंतर आपोआप कळते. काही पुड्यांत तर चीज पावडर नसतेच, केवळ चीजसारखा वास आणणारा फ्लेवर असतो.

तेल इतके का लागते, तेही सांगतो. मक्याचा ओलसर रवा यंत्रात दाबाखाली तापवून बारीक छिद्रातून बाहेर सोडला, की त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तो फुगतो. या कोरड्या, बेचव फुग्यावर मसाला टिकावा म्हणून तेल लावले जाते. काही प्रकार तेलात तळूनही काढतात. सभेत मी एक तुकडा वहीच्या कागदावर ठेवून अंगठ्याने दाबतो. थोड्या वेळाने तो उचलला, की त्याखालचा कागद पारदर्शक झालेला दिसतो, आणि मग तेलाविषयी वेगळे बोलावे लागत नाही.

आता ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’मधल्या, म्हणजे पोषणाच्या, आकड्यांकडे वळू. समजा, पुडीवर १०० ग्रॅममागे ५५० किलोकॅलरी ऊर्जा, ६ ग्रॅम प्रथिने, ५६ ग्रॅम कर्बोदके, ३३.५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांपैकी १४.५ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड), आणि ८०० मिलिग्रॅम सोडियम दिले आहे. पुडी ३० ग्रॅमची असेल, तर प्रत्येक आकड्याला ०.३ ने गुणावे: १६५ किलोकॅलरी, जवळपास १० ग्रॅम तेल आणि २४० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणले, की मिठाचा हिशेब मिळतो. म्हणजे या पुडीत ०.६ ग्रॅम मीठ झाले. लेबलवरची टक्केवारी मात्र जपून वाचावी. एक तर ती दिवसाला २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून, म्हणजे प्रौढ माणसाच्या मापाने काढलेली असते. पहिली-दुसरीतल्या लेकराचे माप त्याहून लहान. दुसरे, ती एका ‘सर्व्ह’साठी, म्हणजे एका वेळच्या वाढपासाठी असते. मोठ्या पुडीत अशी दोन-तीन वाढपे मावतात, आणि मूल मात्र पुडी संपवूनच उठते.

प्रथिनांचा आकडा मी मुद्दाम दाखवतो. चेडरसारख्या खऱ्या चीजमध्ये १०० ग्रॅममागे २४-२५ ग्रॅम प्रथिने असतात. येथे ती ६ ग्रॅम आहेत आणि त्यांतही मक्याचा वाटा आहे. त्या आईच्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्याजवळ नाही.

उरले घटकांच्या यादीतले, चव-रंगासाठी मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक. ६२७ आणि ६३१ चव खुलवतात, ३३० म्हणजे आंबटपणा देणारे सायट्रिक आम्ल, ५५१ मुळे भुकटीच्या गुठळ्या होत नाहीत, १६०सी हा लाल मिरचीपासून काढलेला रंग, तर ११० हा कृत्रिम पिवळा रंग. हे सारे मर्यादेत वापरण्यास परवानगी असलेले पदार्थ आहेत, त्यामुळे क्रमांक दिसताच घाबरू नये. मात्र दोन पुड्यांतून एक निवडायची झाली, तर कृत्रिम रंग नसलेली घ्यावी. ज्या मुलाला दूध सोसत नाही, त्याच्या पालकांनी यादीखालची ‘कंटेन्स मिल्क’ ही ओळ चुकवू नये, कारण फ्लेवरच्या नावाखालीही दुधाचा अंश असू शकतो.

घरी अशी पुडी आलीच, तर ती मुलाच्या हाती सबंध देऊ नये. मूठभर तुकडे वाटीत काढावेत, त्यांत दोन मुठी चिरमुरे, भाजलेले शेंगदाणे आणि बारीक चिरलेला कांदा मिसळावा आणि वरून मीठ अजिबात घालू नये, कारण पुडीतले मीठ साऱ्या वाटीला पुरते.