बदकाची मादी आणि तिची नवजात पिल्ले : मदतीच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकच्या आसपास, निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या मळ्यांत, कोंबड्यांच्या जोडीने चार-सहा बदके पाळणारी घरे आढळतात. मादी अंड्यांवर बसली की साधारण २८ दिवसांनी, आणि मस्कोव्ही जातीत सुमारे ३५ दिवसांनी, पिल्ले बाहेर येतात. त्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात जी मरतूक होते, तिला मादीचा हलगर्जीपणा क्वचितच कारणीभूत असतो. ऊब देणे, पिल्लांना गोळा ठेवणे, धोका दिसताच हाक देणे ही कामे ती आपल्यापेक्षा चांगली करते. मात्र प्लास्टिकचे शेततळे, दुकानातले खाद्य आणि फवारलेली बाग यांची तिला कल्पना नसते. गडबड अशी होते की आपण तिच्या कामात हात घालतो आणि आपले काम तिच्यावर सोडतो.

पहिली चूक अंडे फुटतानाच घडते. कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. मधल्या काळात ते निपचित दिसले तरी फुप्फुसाने श्वास घेऊ लागलेले असते आणि कवचाखालच्या रक्तवाहिन्यांतील रक्त व उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. अशा वेळी नखाने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. पोटातल्या बलकावर पहिला दिवसभर भागत असल्यामुळे आधी निघालेल्या पिल्लांना भरवण्यासाठी मादीला उठवण्याचीही गरज नसते. ती उठली की मागे राहिलेली अंडी मात्र गार पडतात.

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तेथे पारा बरेचदा एक आकडी होतो. तेव्हा पिल्ले खोक्यात घालून घरात बल्बखाली आणावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आई सोबत असताना त्याची आवश्यकता नाही. इगतपुरीकडून येणारा भाताचा कोरडा तूस जाडसर अंथरावा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावे आणि ओला झालेला तूस रोज बदलावा. आई नसलेल्या पिल्लांसाठी पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जावे. पिल्ले एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर ती गारठलेली असतात. चोच उघडी ठेवून दूर पांगली असतील तर उष्णता जास्त झालेली असते. फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर मात्र त्यांना ठेवू नये, कारण पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात.

खाद्याच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत. नाशिकमध्ये कोंबडीचे स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य, सहज मिळते आणि ते चालतेही, परंतु बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त, म्हणजे किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम, लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, घोटे सुजतात आणि पिल्लू बसूनच राहते. पिल्लू लंगडताना दिसताच मुरगळले असेल म्हणून सोडून न देता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नायसिन सुरू करावे. लवकर लक्षात आले तर सुधारणा होते. शेंगदाण्याच्या पेंडीत नायसिन भरपूर असते, पण तीच पेंड पावसाळ्यात बुरशी धरते, आणि त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाला बदक इतके संवेदनशील असते की कोंबड्यांनी पचवलेले खाद्यही त्याच्या यकृताचा घात करू शकते. त्यामुळे वास येणारी पेंड किंवा मका पिल्लांपुढे ठेवूच नये. स्टार्टर शक्यतो औषध न मिसळलेले घ्यावे, आणि पाव, बिस्किटे यांवर पिल्ले वाढवू नयेत.

खाद्याशेजारी पाणी नसेल तर कोरडा भुगा घशात अडकून पिल्लू गुदमरू शकते. ते पाणी नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे. उथळ ताटलीमुळे डोळे चिकटतात आणि नाकपुड्या खाद्याने बुजतात. पसरट भांड्यात गोटे टाकले की चोच बुडते, पण पिल्लू बुडत नाही.

आता शेततळे. बदकाचे पिल्लू बुडत नाही हा समज जेथे खोटा ठरतो ते हेच ठिकाण. प्लास्टिकचे अस्तर ओले आणि शेवाळलेले असते, उतार तीव्र असतो, आणि आई पंख मारत काठावर चढली तरी पिल्लांचे पाय त्यावर ठरत नाहीत. ती काठाकाठाने पोहत राहतात, पिसांत पाणी शिरते, अंग गारठते आणि थकून ती बुडतात. पिल्ले निदान पिसे फुटेपर्यंत तळ्याला बारीक जाळीचे कुंपण असावे. शिवाय दोन-तीन ठिकाणी गोणपाटाचा लांब पट्टा वरच्या बांधाला पक्का खुंटवून पाण्याच्या पातळीखालपर्यंत सोडावा. पाणी उतरले की पट्टाही वाढवावा लागतो, आणि नेमके हेच उन्हाळ्यात विसरले जाते. पोहण्याची हौस पिल्लांनी आईसोबत पसरट घमेल्यात भागवली तरी पुरते.

द्राक्षबागेत आणखी एक धोका आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा सपाटा सुरू असतो आणि ठिबकच्या गळक्या नळीखाली साचलेल्या डबक्यात पिल्ले चोची घालतात. मोरचुदाचे किंवा कीटकनाशकाचे द्रावण त्या डबक्यात उतरलेले असू शकते. त्या दिवसांत मादीला पिल्लांसह बागेबाहेर कोंडून ठेवणे हाच उपाय.

रात्रीच्या खुराड्याला कोंबडीजाळी पुरत नाही. तिच्यातून घुशीची पिल्ले आणि लहान साप आत येतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून ती जमिनीत वीतभर पुरावी. कावळा आणि घार यांच्यासाठी दिवसा वरूनही जाळी हवी. नर बदक पिल्लांना चोची मारू लागला तर त्याला काही आठवडे वेगळे ठेवावे.

गोदाकाठी किंवा नांदूरमधमेश्वरच्या बाजूला हळदी-कुंकू बदकाची पिल्ले एकटी दिसली तरी उचलून आणू नयेत. बहुतेक वेळा मादी जवळच्या गवतात दबून बसलेली असते आणि आपण दूर झाल्यावरच परत येते. वन्य बदक पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि माणसे येईपर्यंत त्याला पाणी न पाजता कोरड्या, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे.