धुकं, पाऊस आणि खारी हवा: कोकणातल्या फोर-बाय-फोरला जादा दिवे लावताना

जादा दिवे घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, "उजेड किती लांब पडतो?" देशावरच्या सरळसोट रस्त्यासाठी हा प्रश्न ठीक आहे, कोकणासाठी नाही. इथला रस्ता पन्नास-साठ मीटरवर वळतो. पाणंदीला दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे असतात. जून ते सप्टेंबर आंबोली आणि गगनबावड्याकडे ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. अशा ठिकाणी तीनशे मीटर जाणारा झोत समोरच्या दरडीवर आपटतो. बघायचं असतं ते चाकाजवळच्या चराकडे, खचलेल्या साइडपट्टीकडे आणि वळणाच्या आत रवंथ करत बसलेल्या गुरांकडे, आणि ते सगळं काळोखातच राहतं.

हिशेब करून बघा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. अडथळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर तिथेच गेले. ओल्या डांबरावर थांबायला आणखी तेवढेच लागतात. म्हणजे ३५ मीटरपर्यंत लख्ख आणि ६० मीटरपर्यंत बऱ्यापैकी दिसलं तर घाटातल्या वेगाला पुरतं. त्यामुळे इथे पैसे लांबीवर घालवू नयेत, रुंदीवर घालवावेत.

कुठले दिवे, कुठल्या क्रमाने

पहिला मान फॉगलाइटच्या जोडीचा. झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सरळ असला पाहिजे. धुक्यातला पाण्याचा प्रत्येक थेंब उजेड तुमच्याच डोळ्यांकडे परत फेकतो. दिवा नजरेच्या जितका जवळ, तितकी समोरची पांढरी भिंत दाट. म्हणून फॉगलाइट बंपरमध्ये जमेल तितके खाली लावावेत.

पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा वेगळा आहे: त्यात निळा भाग कमी असल्यामुळे डोळ्यांवर तिरीप कमी येते आणि तासभर घाट चढताना डोळे शिणत नाहीत. ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर) आसपासचा पिवळा फॉगलाइट घ्यावा. ६००० केल्विनचा निळसर पांढरा ओल्या रस्त्यावर झगमगतो, पण खड्डा दाखवत नाही.

दुसरा नंबर मागच्या दिव्याचा. याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि कोकणात तर हाच रोज लागतो. अरुंद पाणंदीत समोरून टेम्पो आला की शंभर मीटर रिव्हर्स जायची पाळी येते. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, आणि कंपनीच्या रिव्हर्स लाइटचा उजेड जेमतेम बंपरपुरता. १५ ते २० वॉटचा एक पसरट एलईडी दिवा मागे लावला की हे काम निम्म्याने सोपं होतं.

त्यानंतर बंपरवर रुंद झोताची एक जोडी, प्रत्येक दिवा ३० ते ४० वॉटचा. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), वहाळात (ओढ्यात) आणि चिरेखाणीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर ती कामाला येते. बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यांवर, काचेच्या खांबापाशी, बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ अंश वळवलेले छोटे दिवे लावले तर कच्च्या वाटेवरच्या तीव्र वळणाचं पोट दिसतं. गाडीचे हेडलाइट तिथे दरीकडे बघत असतात.

टपावरचा लांब लाइट बार कोकणासाठी घेऊच नये. पावसात आणि धुक्यात तो सगळा उजेड तुमच्या नजरेच्या रेषेतूनच सोडतो, कोरड्या रात्रीही बॉनेटवर पडून डोळ्यांत येतो, आणि झाडीच्या वाटेवर फांद्या पहिल्यांदा त्यालाच झोडपतात.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर १८० वॉट छापलं म्हणून दिवा १८० वॉटचा होत नाही. दुकानातच १२ व्होल्टवर लावून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) करंट मोजा. ३ अँपिअर दिसला तर तो दिवा ३६ वॉटचा आहे, बाकी छपाई. ल्युमेनच्या (एकूण उजेडाच्या) आकड्यावरही जाऊ नका, उजेड कुठे पडतो ते त्यात कळत नाही. झोताचा आकार दाखवणारा आलेख दिला असेल तर तो बघा.

पाण्यासाठी आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन, किमान ६७ हवं, म्हणजे दिवा धूळबंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पण प्रेशर वॉशरच्या जवळून मारलेल्या फवाऱ्याची हमी ६७ देत नाही, त्यासाठी आयपी ६९ के लागतो. दिव्याच्या पाठीला हवा खेळती ठेवणारं बारीक पडद्याचं छिद्र आहे का तेही तपासा. तापलेला दिवा वहाळाच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. काचेच्या आत वाफ धरण्याचं मुख्य कारण हेच. पाण्यात उतरायचं असेल तर खालचे दिवे पाच-दहा मिनिटं आधी बंद करून निवू द्या.

बसवताना

किनाऱ्यावर गाडी गंजते ती पावसापेक्षा मिठाने. दिव्याची बॉडी ॲल्युमिनियमची आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे असले की खाऱ्या ओलीत दोन धातूंमध्ये करंट खेळतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दोन पावसाळ्यांनी बोल्ट असा धरतो की कापावाच लागतो. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना अँटी-सीझ ग्रीस (बोल्ट धरू न देणारं) लावा. स्टेनलेस घेताना ३१६ ग्रेड मागा. नेहमीच्या ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी डाग पडायला लागतात. ब्रॅकेटसाठी पाडलेल्या भोकाच्या कडांना लगेच प्राइमर आणि रंग लावा, "उद्या बघू" म्हणून सोडू नका.

दिवा रेडिएटरच्या जाळीसमोर येऊ देऊ नका. घाट चढताना इंजिनाला तीच हवा लागते.

वायरिंग

बहुतेक जोडण्या इथेच फसतात. दिव्याचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून कधीही नेऊ नये. त्यासाठी ४० अँपिअरचा चार पायांचा रिले लावा, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला स्विचवरून आलेली बारीक वायर, ८५ अर्थला.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं, आणि आग तिथेच लागते. ४० वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे ६.७ अँपिअर लागतात, त्याला १० अँपिअरचा फ्यूज. ५५ वॉटच्या हॅलोजन जोडीला ९.२ अँपिअर, तिथे १५ चा.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, शक्यतो कलई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं. जाऊन-येऊन सहा मीटर लांबी धरली तर ६.७ अँपिअरला २.५ च्या वायरीत साधारण ०.२८ व्होल्ट पडतो, १ च्या वायरीत ०.७. एलईडी तेवढं सांभाळून घेतं, हॅलोजन घेत नाही. त्याचा व्होल्टेज दहा टक्के उतरला की उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

सांधे सोल्डर करू नका, चांगल्या पक्कडीने क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपणात वायर दाबून आवळा. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये चढून त्यांना कडक करतं, मग सड्यावरच्या हादऱ्यांनी वायर नेमकी सोल्डरच्या कडेला तुटते. प्रत्येक सांध्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून बसणारी) नळी चढवा. नुसती काळी टेप पाणी धरून ठेवते. प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. रिले असा बसवा की पाय खाली येतील. दिव्याला जाणारी वायर आधी थोडी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं, प्लगमध्ये शिरत नाही. केबिनच्या पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला वायर घासू न देणारं कडं) हवंच. सगळी वायर जाड नळीत घाला, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली उबेला येतात.

अर्थिंगसाठी चॅसिसवरचा रंग खरवडून स्वच्छ धातूवर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळा, वरून ग्रीस आणि रंग. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला जोडला तर सेन्सरचा हिशेब चुकतो, म्हणून चॅसिसवरच घ्या.

बंपरवरच्या जोडीच्या स्विचला प्लस अप्परच्या वायरीवरून द्या, म्हणजे समोरून गाडी आल्यावर डिप्पर दिला की जादा दिवे आपोआप विझतात. फॉगलाइटला मात्र पार्किंग लाइटवरून द्या, कारण धुक्यात अप्पर चालत नाही. काही गाड्यांत अप्परचं स्विचिंग मायनसकडून होतं, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघा. नव्या गाड्यांत कंपनीची वायर कापू नका, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतूनच जादा वायर काढणारा जोड) वापरा. रिले टकटक वाजत राहिला तर त्या वायरीत सलग व्होल्टेज नसून तुटक पल्स येताहेत असं समजा आणि दुसरी वायर शोधा.

दिवा मंद वाटला तर लगेच बदलू नका. इंजिन चालू, दिवे चालू, आणि बॅटरीवर व दिव्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४.० आणि दिव्यावर १३.० असेल तर एक व्होल्ट वाटेत हरवतोय. बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या मायनसपर्यंत मीटर लावा. तिथेच अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर अर्थ गंजलाय. किनाऱ्यावर दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.

रोख लावणं

सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा नेहमीची, सामान नेहमीचं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. फॉगलाइटची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटिमीटर खाली यावी. बंपरवरच्या झोताचा सर्वांत तेजस्वी भाग रेषेच्या चार सेंटिमीटर खाली. मागे चार माणसं बसली की नाक वर होतं, तेव्हा पुन्हा तपासा.

रस्त्यावर आणि किनाऱ्यावर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचा नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि फॉगलाइट सोडून बाकी जोड्या डांबरी रस्त्यावर बंद व झाकलेल्या ठेवा. घाटात समोरच्याचे डोळे दिपले तर तो दरीकडे किंवा तुमच्याकडे येतो.

इंजिन बंद करून कॅम्पला दिवे लावताना ५५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ४०-४० वॉटची जोडी दोन तासांहून जास्त ठेवू नका, सकाळी स्टार्टर कुरकुरेल.

नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. उजेडाने त्या परत फिरतात. पिल्लं तर सगळ्यांत उजळ क्षितिजाकडे चालतात. एरवी तिकडे समुद्र असतो, तुमचे दिवे लागले तर ती जमिनीकडे वळतात. या महिन्यांत किनाऱ्याकडे तोंड करून कुठलाही जादा दिवा लावू नका, आणि वाळूत गाडी तर घालूच नका.

खाडीकाठाहून आलात की त्याच दिवशी दिवे, ब्रॅकेट आणि प्लग गोड्या पाण्याने, साध्या नळीने धुवा. मेअखेरीस प्रत्येक प्लग उघडून आत हिरवट गंज धरला आहे का ते बघा, ग्रीस बदला, अर्थचा लग सोडवून घासून परत आवळा, आणि एक जादा रिले व दोन फ्यूज ग्लव्हबॉक्समध्ये टाका.