‘सॉफ्ट’ लिहायचं की ‘स्मूथ’? इंग्रजी विशेषण कसं निवडावं

सोलापुरात टॉवेल-चादरीचं दुकान असो की कडक भाकरी-शेंगाचटणीचा घरगुती धंदा, माल ऑनलाइन टाकायचा म्हटला की इंग्रजीत चार ओळी लिहाव्या लागतात आणि विशेषणापाशी गाडी अडते. समानार्थी शब्दांची यादी उघडली तर बहुतेक जण त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द उचलतात. तसं करू नका.

आधी नेमका कोणता गुण सांगायचाय ते मराठीत ठरवा. टॉवेल मऊ आहे, म्हणजे काय? दाबल्यावर बोट रुतत असेल तर सॉफ्ट. स्मूथ म्हणजे गुळगुळीत. टेरी टॉवेलवर तर सुताचे लूप उभे असतात, तो गुळगुळीत कसा असेल? टेंडर म्हणजेही मऊच, पण ते शोभतं शिजलेल्या मटणाला.

मग उलटा शब्द काढून बघा. मला ही युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते. कडक भाकरीला हार्ड लिहिलंत तर त्याच्या उलट सॉफ्ट, म्हणजे मऊ असायला हवी होती ती वाळून गेली, असा अर्थ निघतो. क्रिस्प लिहिलंत तर उलट सॉगी, म्हणजे ओलसर, लिबलिबीत. आपल्याला हेच तर सांगायचंय! शेंगाचटणीला हॉट लिहिलं तर उलटे शब्द दोन निघतात, कोल्ड आणि माइल्ड. गरम की तिखट हा घोळ नको म्हणून स्पायसी बरं.

शब्दाची सोबतही तपासा. चहा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी, माणूस टॉल. का, ते विचारू नका. वापर तसा पडलाय. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश ऑनलाइन फुकट बघता येतो. त्यातली उदाहरणवाक्यं वाचा आणि आपली वस्तू त्यांत बसते का पाहा.

शब्दाला चिकटलेला वास ओळखा. चीप म्हटलं की स्वस्ताबरोबर हलकी प्रतही आली. अफोर्डेबल म्हणजे खिशाला परवडणारं. चादरीला चीप कधीच लावू नका.

जुळ्या शब्दांपाशी जरा थांबा. भुईकोट किल्ला हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात महत्त्वाचा. इतिहासावर बेतलेली कादंबरी हिस्टॉरिकल. आणि मे महिन्यातलं आपलं ऊन व्हेरी हॉट चालतं, व्हेरी बॉइलिंग नाही, कारण बॉइलिंगमध्ये ‘फार’ आधीच मुरलेलं आहे. तिथे ॲब्सोल्यूटली लावा.

जिथे आकडा आहे तिथे विशेषण सोडूनच द्या. थिक, हेवी, डेन्स यांत घोळत बसण्यापेक्षा सरळ ५०० जीएसएम लिहा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. आकडा मात्र कारखान्यात विचारून टाका, अंदाजाने नको. माल हातात आल्यावर गिऱ्हाईक तो तराजूवर ठेवू शकतं.