असईची मोहीम टेबलावर मांडताय? या चुका टाळा

इंग्रज सेनापती वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले ही असईची लढाई आम्ही युद्धखेळ म्हणून टेबलावर खेळतो. पहिल्या वेळी आम्ही दोन्ही बाजूंना सारखे पॉइंट्स, म्हणजे सैन्य निवडायचं सारखं बजेट, दिले. शिंद्यांचं सैन्य कापत कापत वेलस्लीच्या बरोबरीला आणलं. चौथ्या फेरीत त्यांच्या तोफा गेल्या, खेळ आटोपला, आणि शिंदे खेळणारा मित्र म्हणाला, ‘यात असई कुठे होती?’

२३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीकडे साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं आणि वीसेक तोफा होत्या. समोर शिंदे-भोसल्यांचे कवायती कंपूच (युरोपीय पद्धतीने शिकवलेलं पायदळ) दहा हजारांच्या घरात, शंभराच्या आसपास तोफा, आणि वर अफाट घोडदळ. ही विषमताच खेळण्यासारखी आहे, तिला हात लावू नका. जिंकण्याच्या अटी बदला. इंग्रजांनी तोफा घेतल्या तरी मोहिमेच्या वहीत त्यांची हानी मांडा. वेलस्ली जिंकला खरा, पण त्याची सोळाशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली आणि लगेच पाठलाग करणं त्याला जमलं नाही. शिंद्यांचा खेळाडू मैदान सोडूनही वेलस्लीला दोन आठवडे जागेवर खिळवत असेल, तर त्याला गुण द्या.

दुसरी चूक घोडदळाची. मराठी स्वारांना संगिनींच्या भिंतीवर घातलं की ते मरणारच, मग खेळाडू तक्रार करतो की युनिट कुचकामी आहे. त्यांची जागा लढाईच्या टेबलावर नाही, फौजांची चाल दाखवणाऱ्या मोहिमेच्या नकाशावर आहे. इंग्रजी फौज बैलांवर आणि बंजारा तांड्यांच्या धान्यावर चालायची. रसद तुटली की पुढच्या फेरीत निम्मी चाल, असा साधा नियम लावा. इंग्रज खेळाडू आपोआप दोन पलटणी बैलांच्या राखणीला ठेवतो. तिथेच तोल साधतो.

मोठ्या सैन्याला आवरायला फाशांतून एक वजा करणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. कंपूंचे गोलंदाज असईला तोफा सोडून पळाले नाहीत, मग त्यांना कच्चे का ठरवायचं? मोठ्या सैन्याची खरी अडचण एकमताची असते. म्हणून शिंदे आणि भोसले दोन वेगळ्या खेळाडूंना द्या, हुकूम बंद चिठ्ठीत घ्या, आणि भोसल्यांना स्वतःची अट द्या: नागपूरकडची फौज शाबूत राहिली पाहिजे. त्या दिवशीही बरंचसं घोडदळ लढाईत उतरलंच नव्हतं. आमच्याकडे भोसले खेळणाऱ्याने सबंध संध्याकाळ चहा पीत काढली, त्यामुळे हा नियम इतिहासाला धरून आहे असं म्हणायला हरकत नाही! आणखी एक गडी असेल तर त्याला होळकर करा. १८०३ साली ते बाजूला राहिले, पण टेबलावर राहतीलच असं नाही.

एक लढाई हरलेला पुढच्या रविवारी येत नाही, हे दुखणं सगळ्याच मोहिमांचं. पराभव म्हणजे शेवट, असं ठरवू नका. असईनंतर २९ नोव्हेंबरला अडगावला पुन्हा लढाई झाली. तिथे असई गाजवलेल्या इंग्रजांच्या शिपाई पलटणी तोफांच्या पहिल्या माऱ्यात बिथरल्या आणि वेलस्लीला त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. तेव्हा अनुभवी पलटणींनाही मनोधैर्याची चाचणी (टिकतात की बिथरतात, हे फाशाने ठरवणं) लावा, आणि हरलेल्याला तोफा परत मिळवायला नकाशावर एखादा किल्ला ठेवा.

स्टीव्हन्सनच्या हाताखालची इंग्रजांची दुसरी फौज असईला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. ती राखीव म्हणून टेबलावर मांडू नका. नकाशावर चालू द्या, म्हणजे शिंद्यांना आज लढायचं की निघून जायचं, हे ठरवावं लागेल.

तरीही एकच बाजू जिंकत राहिली, तर तीच लढाई बाजू बदलून पुन्हा खेळा. निकाल उलटला तर खेळाडूंमध्ये फरक आहे. तोच राहिला तर गुणांच्या अटी बदला आणि सैन्याची यादी तशीच राहू द्या.